छोट्या राक्षसांचा हातखंडा

आपल्या पाहण्यातल्या प्रत्येक बाईचा कशात ना कशात हातखंडा असतोच. एकीची पुरणपोळी कधी फुटत नाही. दुसरी भाजीवाल्याशी अशी बोलते की तो आपणहून कोथिंबीर टाकतो. तिसरीला मुलाच्या नुसत्या आवाजावरून कळतं की स्वारी आज शाळेत काहीतरी करून आलीय. बाकी सगळं चारचौघींसारखं असलं तरी त्या एका गोष्टीमुळे ती लक्षात राहते. आज मात्र मला ज्याच्या हातखंड्याबद्दल लिहायचंय, तो आहे एक गॉब्लिन! दचकू नका मैत्रिणींनो, सगळं सांगते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव तुमच्या घरातल्या मुलांच्या तोंडून तुम्ही ऐकलं असेल. २०१६ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका आली. त्यातली मुलं तळघरात बसून जो खेळ खेळतात, तोच हा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली तो अमेरिकेत पहिल्यांदा बाजारात आणला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. एकाने सूत्रधार व्हायचं. गुहा कशी आहे, आत कोण दबा धरून बसलंय, हे सूत्रधार सांगणार आणि आपण काय करतो ते बाकीचे सांगणार. जमलं की फसलं ते ठरवायचं वीस बाजूंच्या फाशाने. थोडक्यात काय, गोष्ट सांगणं आणि सोंगट्यांचा डाव यांचं लग्न लावून दिलं की हा खेळ तयार होतो.

आमच्या घरी तो आला धाकट्या दिरांमुळे. त्यांनी कॉलेजात असताना घेतलेली २००३ सालची जाडजूड पुस्तकं माळ्यावर पडून होती. खेळणारी मंडळी त्या आवृत्तीला ‘थ्री पॉइंट फाइव्ह’ म्हणतात. लेकीने ती खाली काढली, पुसली आणि मी जिथे मदतीला जाते त्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दर शनिवारी दुपारी सातवीतल्या चौघींना घेऊन बसायला लागली. खेळ इंग्रजी, पण बोलणं सगळं मराठीत. मी वह्या तपासता तपासता ऐकायची. ऐकता ऐकता मलाही गोडी लागली. त्यातही सगळ्यात जास्त कशाची, तर राक्षसांना हातखंडे वाटण्याची!

या हातखंड्याला खेळात फीट म्हणतात. फूट-इंचातलं फीट नव्हे आणि माणसाला येते ती फीटही नव्हे. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा ही कल्पना खेळात आली. एखादी गोष्ट इतरांपेक्षा जास्त चांगली जमणं म्हणजे फीट. ‘थ्री पॉइंट फाइव्ह’मध्ये नायकांप्रमाणे राक्षसांनाही फीट मिळतात. पण छोट्या राक्षसाच्या वाट्याला येतो एकच. दुसरा मिळायला तिसऱ्या पायरीपर्यंत पोचावं लागतं आणि बिचारे गॉब्लिन, कोबोल्ड, ऑर्क पहिल्या पायरीवरच असतात. म्हणजे महिन्याचा पगार एकच नोट, आणि ती कशावर खर्चायची ते आधी ठरवायचं! घर चालवणाऱ्या बाईला हा प्रश्न काही नवा नाही.

पुस्तकातल्या गॉब्लिनकडे काय आहे ते आधी पाहू. त्याचे जीव पाच, म्हणजे पाच इतकी इजा सोसण्याची ताकद. बचावाचा आकडा पंधरा. हातात खिळ्यांचा सोटा आणि फेकायला छोटा भाला. फीट कोणता, तर ‘अलर्टनेस’. त्याने दिसण्या-ऐकण्याच्या फाशात दोनची भर पडते. कोबोल्डलाही तोच, ऑर्कलाही तोच, हॉबगॉब्लिनलाही तोच. कुणालाही वाटेल, लेखकांनी कंटाळून सगळ्यांना एकाच मापाचा झगा शिवला. पण तसं अगदीच नाही. हे सगळे जीव गोष्टीत बहुतेक वेळा कुठल्या तरी दाराशी पहारा देत असतात, आणि नायक पाय न वाजवता आत शिरायला बघत असतात. तेव्हा अलर्टनेस कामाचा. पण एकदा का मारामारीला तोंड फुटलं की त्याचा उपयोग संपला. म्हणून हा फीट बदलायची सूत्रधाराला मुभा असते, आणि इथेच खरी मजा आहे.

आयुष्य किती, ते आधी बघा

नवा सूत्रधार राक्षस करायला बसला की त्याचा हात आधी ‘वेपन फोकस’कडे जातो. हत्यार चालवताना प्रत्येक फाशात एकाची भर. ऐकायला छान! पण हिशेब मांडून बघा. समोरच्या लढवय्याच्या बचावाचा आकडा सोळा आहे असं धरू. साध्या गॉब्लिनला फाशावर चौदा किंवा जास्त पडावे लागतात. म्हणजे वीस वारांत सात लागणार. वेपन फोकस दिला की सातचे आठ होतात. वीस वारांमागे एक जादा वार! आणि गॉब्लिन आयुष्यात वार करतो किती? दोन, फार तर तीन. मग एवढा एकुलता एक हातखंडा दिला काय आणि न दिला काय, बहुतेक गॉब्लिन त्याचा उपयोग न होताच मरून जातात.

याच्या अगदी उलट गोष्ट ‘टफनेस’ची. त्याने तीन जीव वाढतात. नायकांच्या बाबतीत जाणकार याला नाक मुरडतात. बरोबरच आहे, पुढे ज्याच्याकडे साठ-सत्तर जीव होणार त्याला तिनाचं काय कौतुक? पण ज्याच्याकडे मुळात पाचच आहेत, त्याला तीन म्हणजे निम्म्याहून जास्त भर! लढवय्या मुलीची तलवार आठ बाजूंच्या फाशावर अधिक दोन इतकी इजा करते. जीव शून्याच्या खाली गेला की समोरचा कोसळतो. म्हणजे साधा गॉब्लिन एका घावात आठपैकी पाच वेळा पडतो. टफनेसवाला पडतो आठपैकी फक्त दोन वेळा. दुकानात जी वस्तू स्वस्त म्हणून कुणी बघत नाही, तीच कधी कधी घरी वर्षानुवर्षं टिकते, तसलाच हा प्रकार.

तिसरा आहे ‘इम्प्रूव्ह्ड इनिशिएटिव्ह’. आधी चाल कुणाची हे ठरवणाऱ्या फाशात चारची भर. एरवी बरोबरीचा मामला असतो. या फीटमुळे साधारण तीनांत दोनदा राक्षसाची चाल आधी येते. ज्याचं आयुष्यच दोन चालींचं, त्याला पहिली चाल मिळणं ही चैन नव्हे, गरज आहे. पण जपून! पाच गॉब्लिनांसाठी एकच फासा टाकायची बऱ्याच सूत्रधारांना सवय असते. मग पाचही जण आधी भाले फेकतात, आणि पाच जीवांची जादूगार तोंड उघडायच्या आत आडवी होते.

स्वभाव दिसला पाहिजे

नुसता हिशेब करूनही भागत नाही. टेबलापलीकडे बसलेल्या मुलींना राक्षसाचा कागद दिसत नसतो. त्यांना दिसतो फक्त तो काय करतो ते. म्हणून फीट असा हवा, की तो न सांगता कळावा.

याचा सुंदर नमुना पुस्तकातच आहे. सांगाडे आणि झोंबी यांना बुद्धीच नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी फीट निवडताच येत नाही. पण नियमांनी दोघांना एकेक आपणहून बहाल केलाय. सांगाड्याला इम्प्रूव्ह्ड इनिशिएटिव्ह आणि झोंबीला टफनेस. एक खडखडत सगळ्यांच्या आधी अंगावर येतो. दुसरा रखडत रखडत येतो, पण मारलं तरी पडत नाही. दोघेही मेलेलेच, पण एकाची भीती वेगळी आणि दुसऱ्याची वेगळी. लांडग्यालाही माग काढण्याचा फीट वरकड मिळालाय. त्यामुळे लांडगा आला की मुली आपोआप वाऱ्याची दिशा विचारायला लागतात. याला म्हणतात निवड!

कोबोल्डची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. चार जीवांचा, पाल आणि कुत्रा यांच्या मधलं काहीतरी दिसणारा हा प्राणी, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. पण १९८७ साली ‘ड्रॅगन’ मासिकात संपादक रॉजर मूर यांनी ‘टकरचे कोबोल्ड’ म्हणून एक हकीकत लिहिली. टकर नावाच्या सूत्रधाराने या कोबोल्डांना अंगात जास्तीची ताकद काहीच दिली नव्हती. ते बिळांतून, भिंतीआडून लढायचे, आगी लावायचे, माणसं कोंडीत पकडायचे. मोठे मोठे कसलेले नायक त्यांच्या नावाने चळाचळा कापायचे! तेव्हा फीट हा प्रकारच खेळात नव्हता. पण त्यातून घ्यायचा धडा आजही तोच आहे. कोबोल्डला तलवारीचा फीट देऊन काय उपयोग? मुळात अंगात जोर नाही. त्याला ‘स्टेल्दी’ द्यावा. लपण्यात दोनची भर, चाहूल न लागू देण्यात दोनची भर. शिवाय सापळे लावायचं कसब त्याच्याकडे आहेच. जे जमतं तेच आणखी चांगलं जमवावं. मुलांच्या बाबतीतही आपण हेच सांगत असतो ना?

समोर कोण बसलंय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र हाच, आणि तो अभ्यासिकेतल्या दोन शनिवारांनी मला शिकवला.

पहिल्या शनिवारी लेकीने ऑर्क आणले. ऑर्कचा जोर मोठा म्हणून त्याचा अलर्टनेस काढून ‘पॉवर अटॅक’ दिला. यात नेम थोडा कमी होतो, पण दोन्ही हातांनी मारलेल्या घावात दोनची भर पडते. दोन म्हणजे काय मोठंसं? पण हिशेब असा होता. पुस्तकातल्या ऑर्कच्या साध्या घावाने जास्तीत जास्त बारा इजा होते, आणि आमच्या लढवय्या मुलीचे जीव होते बारा. म्हणजे एका साध्या घावात ती कोसळलीच नसती, शून्यावर का होईना, उभी राहिली असती. त्या दोनमुळे घाव बसला तेराचा! पहिल्याच फटक्याला ती आडवी. ही मुलगी घरी दोन धाकटी भावंडं सांभाळते, पाणी भरते आणि मग तासाभरासाठी इथे येते. तो तास तिने दुसऱ्यांचा खेळ बघत काढला. शेवटी हळूच मला म्हणाली, “ताई, मी घरी जाऊ का?”

खेळात मरण असावंच, त्याशिवाय जिवंत राहण्याला किंमत नाही. पण नवख्या मुलीच्या पहिल्याच दुपारी ते एका घावात यावं का? पहिल्या पायरीवर राक्षसाला दिलेली दोनची भर नायकाच्या सहाव्या हिश्शाचा जीव असते. म्हणून घाव वाढवणारे फीट सुरुवातीला शक्यतो टाळावेत आणि राक्षसाला जास्त वेळ उभं ठेवणारे, जास्त काही करायला लावणारे फीट द्यावेत, असं माझं मत झालंय.

पुढच्या शनिवारी गॉब्लिन यायचे होते. लेक म्हणाली, “आई, मी सगळ्यांना ‘आयर्न विल’ देते. नाहीतर ती जादूगार एका निद्रामंत्रात सगळ्यांना झोपवेल.” आयर्न विलने मन घट्ट होतं, मंत्राला तोंड देताना दोनची भर मिळते. नियमांत चोख बसणारी निवड. पण मी तिला म्हटलं, “अगं, तिच्याकडे दिवसाला मंत्र दोनच. वर्गात जी मुलगी हजेरीलाही जेमतेम आवाज काढते, तिला ती संधी मिळाली तर तुझं काय जातंय?” एखाद्या मुलीची एकुलती एक युक्ती हाणून पाडण्यासाठी राक्षसाला घडवणं, यात सूत्रधाराची हुशारी दिसेल, पण खेळ मरतो.

मग आम्ही दोघींनी ओट्याशी उभं राहून पाच गॉब्लिन ठरवले. एक पहारेकरी, त्याचा अलर्टनेस तसाच ठेवला. एक निरोप्या, त्याला ‘रन’, म्हणजे एका फेरीत एकशेवीसऐवजी दीडशे फूट धाव. कड्यावर दोन भालाफेके, त्यांना ‘पॉइंट ब्लँक शॉट’, म्हणजे तीस फुटांच्या आत नेमात एक आणि इजेत एक भर. आणि पाचवा त्यांचा नाईक, त्याला टफनेस. सगळ्यांचे आकडे जवळपास सारखे, पण पाच जणांचे पाच स्वभाव.

काय दुपार झाली म्हणून सांगू! पहारेकऱ्याला पावलं ऐकू गेली, तो ओरडला. निरोप्या जो सुटला तो कुणाच्या हाती लागला नाही. ‘आता गावात बातमी जाणार’ म्हणून मुली हवालदिल. वरून भाले येऊ लागले आणि कड्यावर तर कुणाचाच हात पोचेना. तेव्हा आमची मुकी मैना बोलली, “मी मंत्र म्हणते.” दोन्ही भालाफेके घोरत पडले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघींनी मिळून पहारेकऱ्याला लोळवलं. तोवर लढवय्या मुलगी नाईकापाशी पोचली. तिचा घाव बसला सातचा. पुस्तकातला गॉब्लिन तिथेच संपला असता. या नाईकाकडे एक जीव उरला. लेकीने आवाज बारीक करून त्याची गयावया केली, सोटा खाली टाकला. सगळ्या त्या मुलीकडे बघायला लागल्या. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “मारायचा नाही. बांधा, आणि आत किती जण आहेत ते विचारा.”

तीन जादा जीवांनी काय केलं बघा. गॉब्लिन जिंकला नाहीच, पण एक निर्णय घ्यायची वेळ आणली. त्या मुलीसाठी घरात, शाळेत सगळं दुसरेच ठरवतात. इथे तिने ठरवलं आणि चौघींनी ऐकलं.

एक गोष्ट सूत्रधाराच्या सोयीचीही सांगते. काही फीट कागदावर बरे, हाताळायला कटकटीचे. ‘डॉज’मध्ये आपण कुणापासून बचाव करतोय ते एकेकाचं नाव घेऊन सांगावं लागतं. पाच गॉब्लिनांचं पाच वेळा कोण लक्षात ठेवणार? पॉवर अटॅकमध्येही दर चालीला विचार करावा लागतो. टफनेस, अलर्टनेस, इम्प्रूव्ह्ड इनिशिएटिव्ह यांची बेरीज एकदाच करून कागदावर लिहिली की काम संपलं. रोजच्या स्वयंपाकात चार गॅसवर चार पदार्थ चढवणारी बाई काय म्हणेल? जे एकदा फोडणी देऊन झाकण ठेवता येतं, ते निवडा.

पुढे २००९ साली ‘पाथफाइंडर’ हा याच घराण्यातला खेळ आला. त्यात गॉब्लिनला अलर्टनेसऐवजी इम्प्रूव्ह्ड इनिशिएटिव्ह दिलाय. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत तर राक्षसांसाठी फीट निवडायची भानगडच ठेवली नाही. गॉब्लिनला वार करून चटकन सटकता किंवा लपता येतं, कोबोल्ड जोडीदार जवळ असला की जास्त नेमाने लढतो, हे त्यांच्या वर्णनातच लिहून टाकलंय. मला विचाराल तर जाणती मंडळीही फिरून तिथेच आली. छोट्याच्या अंगी एकच गुण असावा, पण तो दिसावा.

तेव्हा तुमच्या घरात कुणी कागद-पेन्सिल घेऊन राक्षस रचत बसलं असेल तर ‘काय हे खूळ’ म्हणून पुढे जाऊ नका. जवळ बसा आणि एवढंच विचारा, ‘हा जगणार किती वेळ? याचं वेगळेपण कळणार कसं? आणि समोर कोण बसणार आहे?’ समोरच्याला जिंकायला जागा ठेवून चुरशीने कसं खेळायचं, हे लहान मुलांशी पत्ते खेळलेल्या कुठल्याही आईला शिकवावं लागत नाही. तोच तर आपला हातखंडा!

चौकट : पहिल्यांदाच राक्षस रचताना

गॉब्लिन : पहाऱ्यावर असेल तर अलर्टनेस, टोळीचा नाईक असेल तर टफनेस, बातमी पोचवायची असेल तर रन.

कोबोल्ड : स्टेल्दी. मोकळ्या मैदानात, भर उन्हात आणू नका. उन्हात त्याचे डोळे दिपतात.

ऑर्क : नवख्या खेळाडूंसमोर पुस्तकातला अलर्टनेसच राहू द्या. पॉवर अटॅक मुली दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर गेल्यावर.

बगबेअर : हा तिसऱ्या पायरीवरचा, म्हणून फीट दोन. एक पुस्तकातला ठेवा, एक आपल्या मनाचा द्या.

सांगाडा, झोंबी : निवडायचं काही नाही. आहे तेच उत्तम.

टोळी असेल तर : सगळ्यांना एकच फीट देऊ नका. दोन-तीन प्रकार पुरे, म्हणजे लक्षातही राहतात आणि रंगतही येते.